कालच्या चार पाट्या, उद्याच्या शंभर

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यावर कोण राजा होता हे त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. नाही तर नाही. आपल्याला राजाशी करायचंय काय? गोष्ट एका गावाची आहे.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. गावाच्या डोक्यावर मोठं तळं, आणि तळ्याचं पाणी अडवून धरणारा मातीचा बांध. त्या तळ्यावर शेतं पिकत, गुरं पाणी पीत, बायका धुणं धूत. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणूनच असेल, त्या गावात शिक्षेची रीत वेगळी होती. फटके नाहीत, कोठडी नाही. ज्याच्या हातून गुन्हा घडला त्याने ओढ्यातले दगड पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घ्यायची आणि चढ चढून दगड बांधाच्या माथ्यावर नेऊन टाकायचे. दुसऱ्याच्या शेतात गुरं घातली, दोन पाट्या. शेजारणीच्या अंगावर धावून गेली, तीन पाट्या. खोटी साक्ष दिली, दहा. गुन्हेगाराची खोड मोडायची आणि बांधाचं वजन वाढायचं. आजूबाजूच्या गावांना या रीतीचं मोठं कौतुक वाटे.

पण शंभर पाट्यांची शिक्षा झाली, तर दगड वाहायचे नसत. शंभराच्या माणसाचा दगड आमच्या बांधाला नको, असं गाव म्हणे. त्याने आठ दिवसांत बिऱ्हाड आवरायचं आणि वेस ओलांडायची.

पाट्या किती, हे ठरवायचं काम येसाक्काकडे होतं. तिच्या सासऱ्याने मरताना न्यायाचा ओटा मुलाला न देता सुनेला दिला होता. मुलगा दोर वळण्यात हुशार होता, पण कोणी रडून दाखवलं की त्याचा न्याय विरघळून जाई. येसाक्काचा विरघळत नसे. चार पंच भोवती बसत, आपापलं बोलत, आणि शेवटी येसाक्का आकडा सांगे. तिने सांगितलेला आकडा तीस वर्षांत एकदाही फिरला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि ती तो लपवतही नसे.

एका उन्हाळ्याच्या सकाळी भिवरा कुंभारीण ओट्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत सुकलेली माती. घरी म्हातारा बाप आणि एक गाढव, एवढाच तिचा संसार.

"काय गं, कोणी काय केलं?" येसाक्काने विचारलं.

"कोणी काही केलं नाही, आक्का. मला विचारायचंय. ओढ्याच्या वळणावरची माझी मातीची खाण पुरात दगडगोट्यांखाली गेली. आता नुसती तांबडी माती उरलीय. तिची घागर भट्टीत तडकते. त्यात दोन पाट्या चिकण माती मिसळली तर गावाच्या घागरी होतील. तशी माती जवळपास एकाच जागी आहे. बांधाच्या पायाशी. तर उद्या मी तिथून दोन पाट्या..."

पुढचं कोणाला ऐकू आलंच नाही.

"बांधाच्या पायाची माती!" नागोजी गरजला. हा पंचांमधला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? आज तू दोन पाट्या नेशील, पावसाळ्यात पाणी तिथूनच वाट काढेल. बांध फुटेल! पहिल्यांदा खालची आळी जाईल!"

"गुरं दाव्याला बांधलेली असतील," दुसरा पंच म्हणाला. "सोडायलाही वेळ मिळायचा नाही."

"पाळण्यातली पोरं..." तिसऱ्याने म्हटलं, आणि त्याला पुढे बोलवेना.

येसाक्का ऐकत होती. ऐकता ऐकता तिला आपला गोठा दिसला. गोठ्यात कमरेएवढं गढूळ पाणी आणि त्यात तिची चार दिवसांची कालवड, डोळे पांढरे करून तरंगणारी. तिच्या अंगावर काटा आला.

"नागोजीकाका, माझं नीट ऐका तरी," भिवरा म्हणत होती. "मी नुसतं..."

"शंभर," येसाक्का म्हणाली.

भिवरेने दोन्ही हात पदराला पुसले. माती सुकलेली होती, ती निघाली नाही.

लोक पांगणार, एवढ्यात हैबती पुढे आला. गावातलं सगळ्यांत मोठं धान्याचं पेव याच्या अंगणात. जमिनीखालच्या त्या पेवाचं तोंड लिंपायला चांगली माती लागते, नाहीतर धान्याला कीड लागते.

"आता विषय निघालाच आहे, तर माझंही सांगून टाकतो," हैबती कान खाजवत म्हणाला. "गेल्या सुगीला मीसुद्धा बांधाच्या पायातून दोन पाट्या माती नेली होती. पेव लिंपायला. न विचारता नेली. मनाला लागून राहिलं होतं."

"गेल्या सुगीला ना?" नागोजी म्हणाला.

"हो. वर्ष होत आलं."

"मग बांध तर उभाच आहे की रे!" नागोजी हसला, तसे सगळे हसले. "धान्य तरी टिकलं का?"

"दाणा न दाणा."

"मग झालं तर!"

येसाक्कालाही हसू आलं. केलं ते वाईटच केलं होतं, पण माणूस आपल्या पायाने येऊन कबूल करतोय, आणि बिघडलं तर काहीच नाही. "पाच पाट्या," ती म्हणाली.

"चार करा आक्का, कंबर धरलीय."

"बरं, चार. आणि फुटके दगड भरू नकोस, मी बघीन."

पुन्हा हशा झाला. हैबती हात जोडून निघाला. गर्दी मोडली. भिवरा मात्र जागची हलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "आक्का, माझ्याही दोनच पाट्या होत्या."

एवढं बोलून ती गेली. रडली नाही, भांडली नाही. ती भांडली असती तर येसाक्काला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्याला कसं गप्प करायचं ते तिला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन तिने चूल पेटवली, पण लक्ष लागेना. दोन पाट्या आणि दोन पाट्या. जागा तीच, माती तीच. हिने विचारलं, त्याने विचारलंही नाही. तरी हिला शंभर आणि त्याला चार. आकडे दोन्ही आपणच दिले. देताना दोन्ही वेळा मन कसं स्वच्छ होतं! शंभर म्हणतानाही खात्री होती, चार म्हणतानाही खात्री होती. मग या दोन खात्र्यांमध्ये बसलंय काय?

तिचा नवरा पडवीत अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्याची एक जुनी घोंगडी होती. उवांनी सोडली, पण त्याने सोडली नव्हती.

"अहो, ऐकलं का?" येसाक्का म्हणाली. "तुमची ती जुनी घोंगडी मी उद्या दारी येणाऱ्या गोसाव्याला देणार आहे."

दोर थांबला. "का? माझ्या घोंगडीने तुझं काय खाल्लं? थंडीत मी काय पांघरू, तुझा न्याय? माझ्या आईने दिलेली घोंगडी आहे ती! हात तर लावून बघ!" तो उठला, घोंगडी काढून मांडीखाली घेतली आणि जेवायला बोलावलं तरी पडवीतून हलला नाही.

दोन दिवस गेले. येसाक्काने त्याच्या पुढ्यात भाकरी वाढली आणि म्हणाली, "बोलायचं राहिलं. तुमची आईच्या हातची ती दुसरी कांबळ होती ना, पेटीतली? ती मी गेल्या वर्षीच एका गोसाव्याला देऊन टाकली."

त्याने घास चावला. "दिलीस? मला वाटलंच होतं, दिसत नाही कुठे. बरं, आमटी वाढ."

येसाक्का पळी हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

"असं काय बघतेस?"

"काही नाही. खा तुम्ही." कांबळ खरं तर पेटीतच होती.

आता तिला चैन पडेना. माणूस म्हातारा झाला की त्याचं कुतूहल आटतं असं म्हणणारे स्वतःच आटलेले असतात. साठीला आलेली ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच काठी घेऊन बाहेर पडली. आधी तेल्याच्या घाण्यावर गेली. तिथे दहाबारा माणसं नेहमी बसलेली असत.

"पलीकडच्या गावातून एक निवाडा माझ्याकडे आलाय," ती म्हणाली. "एक शेतकरी आपल्या भावाच्या मोटेचा दोर कापणार आहे. परवा, ऐन पाण्याच्या दिवशी. किती पाट्या द्याव्यात, तुम्हीच सांगा."

"भावाच्या?" तेली उठून उभा राहिला. "पीक वाळेल की त्याचं! चाळीस पाट्या!"

"साठ! सख्खा भाऊ असून?"

"मोट भरलेली असताना दोर तुटला तर बैल पुढे कोसळतील. ऐंशी द्या, आक्का, आणि हात बांधून ठेवा त्याचे परवापर्यंत."

तिथून ती लोहाराच्या भात्यापाशी गेली. तिथेही तेवढीच माणसं, याच गावची, असाच जन्म काढलेली. तिथे तिने सांगितलं, "एका शेतकऱ्याने आपल्या भावाच्या मोटेचा दोर कापला. परवाच, ऐन पाण्याच्या दिवशी."

"अरेरे," लोहार म्हणाला. "मग? दुसरा दोर लावला असेल."

"भावाभावांत चालायचंच. पाच पाट्या."

"आठ द्या. पण आधी त्याचंही ऐकून घ्या आक्का, दोर कापायची वेळ आली म्हणजे भावानेही काही केलंच असणार."

येसाक्काला लिहिता येत नव्हतं. तिने घरी येऊन गोठ्याच्या भिंतीवर गेरूने रेघा ओढल्या, एका पाटीला एक रेघ. वर घाण्यावरच्या, खाली भात्यापाशीच्या. वरच्या रेघा भिंत संपून कोपऱ्यापलीकडे वळल्या. खालच्या रेघा कालवडीच्या शेपटीएवढ्या जागेत मावल्या.

रेघांकडे बघत ती कितीतरी वेळ उभी राहिली. आणि मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. घाण्यावरची माणसं पुढचं बघत होती. पीक वाळलेलं, बैल पडलेले. जे घडलंच नव्हतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि भात्यापाशी कोणी काहीच पाहिलं नव्हतं. पीक वाळलं का, बैल जगले का, हे एकानेही विचारलं नव्हतं. झालं म्हटल्यावर त्यांनी पुढे बघायचंच सोडून दिलं होतं.

"तीस वर्षं," ती कालवडीला म्हणाली. "तीस वर्षं मी असंच मोजलं, गं बाई." कालवड तिचा पदर चघळत होती.

पाचव्या दिवशी ती कुंभारवाड्यात गेली. भिवरेने चाक खुंट्यावरून उतरवलं होतं. अर्धं सामान गोणीत भरलं होतं. तिचा बाप ओसरीवर बसून रिकाम्या अंगणाकडे बघत होता. येसाक्काला पाहून त्याने तोंड फिरवलं.

"बस म्हणणार नाही, आक्का," भिवरा म्हणाली. "घोंगडी बांधून झाली."

"मी बसायला आले नाही. एकच विचारते. मी त्या दिवशी नुसतं 'नको' म्हटलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

भिवरेने गाठ मारता मारता वर पाहिलं. "काय करणार? गाढव घेऊन तीन कोसांवरच्या टेकडीला गेले असते. तिथेही माती आहे. लांब पडतं, एवढंच. मी विचारलं होतं, आक्का. काढली नव्हती."

हा प्रश्न त्या दिवशी ओट्यावर विचारायला किती वेळ लागला असता? आमटीला फोडणी द्यायला लागतो त्याहून कमी.

"आणि आणखी एक," भिवरा म्हणाली. "माती बघायला गेले तेव्हा बांधाच्या पायाशी, निरगुडीच्या झुडपांमागे काय आहे ते मी पाहिलं होतं. म्हणूनच काढायच्या आधी विचारायला आले, आणि तेही सांगणार होते. पण मी तोंड उघडायच्या आत नागोजीकाकांनी गावात पाणी आणून सोडलं होतं. तुम्ही जा आणि स्वतः बघा."

येसाक्का तशीच तडक बांधाकडे गेली. गावाच्या बाजूने बांधाच्या पायाशी निरगुडी माजली होती. तिने काठीने फांद्या बाजूला केल्या.

खड्डे होते. एक नाही, दोन नाहीत. कोणी पेवासाठी खणलेले, कोणी भिंतीसाठी, कोणी चुलीसाठी. काही जुने, कडा गोल झालेले. काही नवे, कुदळीच्या खुणा असलेले. प्रत्येक खड्डा दोन-तीन पाट्यांचा. तिने वाकून, रांगून मोजले. एकतीस. एका ठिकाणी तर शेजारशेजारचे खड्डे एकमेकांत मिळून माणूस आत बसेल एवढी कपार झाली होती, आणि वरची माती ढासळून तिचा ढीग पडला होता.

यातले बारा-तेरा खड्डे तिला ओळखीचे होते. त्यांचा न्याय तिनेच केला होता. चार पाट्या, तीन पाट्या, म्हातारा आहे म्हणून दोन. बाकीच्यांचं कोणी सांगितलंच नव्हतं. लोक आंधळे नव्हते. विचारायला गेलं तर शिव्या, आणि करून सांगितलं तर हसू, हे सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या न्याय देणारीला.

तिने मान वर करून पाहिलं. बांधाच्या माथ्यावर तीस वर्षांच्या शिक्षेचे दगड रचलेले होते. काळेभोर, जड, नीट ओळीने. वरून गाव वजन टाकत होतं, खालून गाव पाया काढून नेत होतं. आणि पावसाळा महिन्यावर आला होता.

सातव्या दिवशी तिने पंचांना आणि गावाला ओट्यावर बोलावलं. पुढ्यात फडक्याने झाकलेली एक पाटी ठेवली होती.

"आज माझाच निवाडा करा," ती म्हणाली. "मी उद्या बांधाच्या पायातून दोन पाट्या माती काढणार आहे. मला गोठा लिंपायचाय."

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग नागोजी उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "आक्का! तुम्ही? त्या पोरीला घालवलंत आणि आता स्वतः? बांध फुटला तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तुम्ही मोठ्या असाल तुमच्या घरी. शंभर! तुम्हालाही शंभरच!"

"शंभर!" लोक ओरडले. "वेस दाखवा! ओटा काढून घ्या!"

येसाक्काने सगळ्यांना ओरडू दिलं. आवाज बसत आला तशी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, वयच झालं माझं. चुकून उद्या म्हणाले. मी माती कालच काढली." तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. आत ओली, चिकण माती होती.

नागोजी पाटीकडे बघत राहिला. त्याचे खांदे खाली आले. "काल काढलीत होय?" तो म्हणाला. "मग... झालं तर आता. गोठ्यासाठीच ना? चार पाट्या द्या. नाहीतर वय झालंय, दोनच..."

आणि तो मध्येच थांबला. तोंड उघडंच राहिलं.

एक बाई खुदकन हसली आणि तिने लगेच तोंडावर पदर धरला. नागोजी सावकाश खाली बसला. "आक्का," तो म्हणाला, "तुम्ही आम्हाला भर चौकात तराजूत बसवलंत."

"मी आधी स्वतः बसून आले, भाऊ. माती ना मी काल काढली, ना उद्या काढणार. ही बांधाच्या पायाशी आपोआप ढासळून पडलेली आहे. चला सगळे, दाखवते."

ती सगळ्या गावाला निरगुडीमागे घेऊन गेली. लोकांनी खड्डे पाहिले. कोणी आपला ओळखला, कोणी न ओळखल्यासारखं केलं. हैबती आपल्या खड्ड्यापुढे उभा राहिला, आणि आता त्याच्या डोळ्यांसमोर पाणी आलं, गढूळ, कमरेएवढं, थेट त्याच्या पेवात शिरणारं.

मग भांडण लागलं. एक म्हणाला, खणणाऱ्या सगळ्यांना शंभर द्या. दुसरा म्हणाला, मग गावात राहील कोण, मांजरं? तिसरा म्हणाला, तर मग भिवरेलाही चारच द्या आणि सगळ्यांनाच चार. "म्हणजे उरलेला बांधही घरी न्यायची सोय!" नागोजी खेकसला.

"गप्प बसा," येसाक्का म्हणाली. "घाबरून आकडा सांगू नका आणि हसूनही सांगू नका. कोणी केलं, केव्हा केलं, करणार आहे की करून झालं, ते जरा बाजूला ठेवा. हा खड्डा बघा. हा बुजवून, ठोकून, पहिल्यासारखा करायला किती पाट्या दगडमाती लागेल? हैबती, तुला मापाचं कळतं. सांग."

हैबती खड्ड्यात उतरला. हात पसरून, पाय टाकून त्याने माप घेतलं. "ठोकून बसवायचं म्हटलं तर वीस," तो शेवटी म्हणाला. "वीसच्या खाली नाही."

"तर मग वीस. काल खणला असेल तरी वीस, उद्या खणला तरी वीस. आणि नुसतं विचारायला आला, तर त्याला शून्य."

"माझ्या चार आधीच वाहून झाल्यात, आक्का," हैबती म्हणाला.

"त्या वर टाकल्यास. खाली आण. आणि सोळा वेगळ्या."

"कंबर..."

"कंबर नवी धर."

त्या दिवशी गाव पहिल्यांदा हैबतीबरोबर न हसता हैबतीला हसलं.

पण भिवरा त्या गर्दीत नव्हती. आठवा दिवस उजाडायची वाट कशाला बघायची, असं म्हणून ती गाढव हाकत निघाली होती. गाढवाच्या पाठीवर चाक, गोणीवर बाप. येसाक्काने तिला वेशीवर गाठलं, धापा टाकत.

"परत चल. माझा आकडा मी मागे घेतला."

भिवरेने गाढव थांबवलं, पण वळवलं नाही. "आज मागे घेतलात. मी उद्या पुन्हा काही विचारलं तर?"

"विचार. शंभरदा विचार. आता विचारण्याला दंड नाही."

"आणि हे सात दिवस? माझ्या बापाने पाच दिवस अन्न गिळलं नाही."

येसाक्काच्या ओठांवर आलं होतं की झालं ते झालं, आता सोडून दे. ते शब्द तिने तिथल्या तिथे गिळले. तेच तर तिचं तीस वर्षांचं दुखणं होतं.

"ते झालं, म्हणून हलकं धरू नकोस," ती म्हणाली. "मी चुकले. तू माझ्या ओट्यावर बसलीयस असं समज, आणि मला पाट्या सांग."

भिवरेने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा येसाक्काच्या डोळ्यांत पाहिलं.

"वीस," भिवरा म्हणाली. "सगळ्यांना तेवढ्याच ना? मग तुम्हालाही वीस. कमी नाही, जास्त नाही." आणि तिने गाढव गावाकडे वळवलं.

येसाक्काने वीस पाट्या वाहिल्या. रोज दोन. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा रिकामी पाटी घेऊन मागे आला, तेव्हा तिने त्याला परत पाठवलं. माथ्यावरचे दगड उतरून पायाशी आले. माती कशी मळायची, कुठे पाणी शिंपायचं, ठोका कुठे हलका मारायचा आणि कुठे जोराचा, ते गावात एकट्या भिवरेला कळत होतं. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून सांगे आणि नागोजी पाय चिखलात घालून मळे. काहींनी आपले खड्डे कबूल केले. काहींनी शेवटपर्यंत केले नाहीत. त्यांचे गावाने मिळून बुजवले, कारण पाणी वाट काढताना खड्डा कोणाचा ते विचारत नाही.

त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा जास्त झाला. तळं काठोकाठ भरलं. जुन्या कपारीच्या जागी, करंगळीएवढ्या धारेने, तीन दिवस पाणी झिरपलं आणि चौथ्या दिवशी थांबलं. गाव तीन रात्री जागं होतं.

आणि दुसऱ्या वर्षीपासून ओट्यावर एक नवीच गर्दी होऊ लागली. "झालं आक्का, माफ करा," म्हणत कान खाजवत येणारे कमी झाले. "करू का?" असं विचारत येणारे वाढले. बहुतेकांना उत्तर 'नको' असंच मिळे. ते 'नको' ऐकून लोक आपापल्या घरी जात, आणि गाव जागच्या जागी राही.

तात्पर्य: झालेलं हलकं आणि व्हायचं ते जड वाटतं हा आपल्या नजरेचा दोष आहे, न्याय करायचा तर करणीचं वजन करावं, काळाचं नव्हे.